भोंग्यावरची माफी

माफी मागायची एवढी हौस असलेला माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमचे टेलरमामा, म्हणजे मांडवगण फराट्याच्या बाजारात कपडे शिवणारे आणि सगळ्या गावाचे मामा, स्वतःची चूक दाबण्याऐवजी तिची दवंडी पिटत. एकदा एका नवरदेवाच्या सफारीची बाही अर्धा इंच आखूड झाली. ते कुणाच्या, अगदी नवरदेवाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मामांनी मांडवात जाऊन आहेर पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला आणि दोन्हीकडच्या वऱ्हाडाची माफी मागितली. त्यानंतर पंगत उठेपर्यंत अख्खा मांडव नवरदेवाच्या मनगटाकडं बघत होता.

अशा माणसाच्या हाती बेसबॉल लागावा, हे आमचं नशीब. नव्वदच्या दशकात कधीतरी शाळेनं क्रिकेटचं सामान मागवलं आणि पेटीतून निघाला बेसबॉल. हातमोजे उसवलेले होते म्हणून पेटी मामांकडं आली. मामांनी चेंडू उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि टाके मोजले. एकशे आठ भरले, तेही हातशिलाईचे. शंभरावर सोडून देता आलं असतं, पण सोडलं नाही, म्हणजे हा इमानदार लोकांचा खेळ असणार, असा त्यांनी निकाल दिला आणि कॉलेजला जाणाऱ्या आम्हा रिकामटेकड्यांचे ते कोच झाले. चिंध्या भरून चार बेस शिवले, त्यांना लाल पायपिंग लावलं. मग त्यावर कुणी चिखलाचा पाय दिला की यांचा जीव कळवळायचा. बेसवर पाय देणं हाच खेळ आहे, हे त्यांना पटवायला आम्हाला एक उन्हाळा लागला.

खरी पंचाईत पुढंच होती. पेटीतल्या नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं, की चेंडू टाकणारा गाफील असला तर धावणाऱ्यानं पुढचा बेस चोरावा, म्हणजे गुपचूप पळत जाऊन गाठावा. मी ते मोठ्यानं वाचलं मात्र, मामांनी पुस्तक ओढून घेऊन त्या ओळीवर खडूनं काट मारली. म्हणाले, "चोरी शिकाया तुमच्या आयांनी तुम्हाला हितं धाडलं न्हाई." आमचं बघून आसपासच्या गावांनीही संघ काढले, ते आमचे बेस राजरोस चोरायचे. आम्ही हात चोळत उभे राहायचो. मामा मात्र हरलो तरी खुशीत असायचे आणि परतीच्या वाटेवर सगळ्यांना भेळ खिलवायचे.

जिंकलो ते एकदाच, वडगाव रासाईच्या मैदानावर. आमचा एक गडी ऐनवेळी आला नाही, म्हणून पन्नाशीतले मामा पायजमा खोचून उभे राहिले. शेवटचा डाव, एक धाव कमी, एक गडी बेसवर. समोरून वडगावच्या उंच पोरानं असा चेंडू टाकला की मी डोळेच मिटले. आवाज आला तो लाकडाचा. चेंडू मैदान ओलांडून उसात गेला तो गेलाच, पुढं तोडणीतसुद्धा सापडला नाही. चेंडू असा बाहेर गेला की चारी बेस शिवून यायचं, दोन धावा पक्क्या. मामा फिरले, पण प्रत्येक बेसला वळसा घालून, कारण पाय चिखलाचे होते. पंचानं त्यांना परत पाठवून पाय टेकवायला लावले. मिळालेला कप त्यांनी दुकानात मशीनशेजारी ठेवला आणि त्यात बटणं, खडू भरले.

सात-आठ वर्षं सुखात गेली. मी एमआयडीसीत कामाला लागलो. एके दिवशी मामा वर्तमानपत्राच्या कागदावर बाहीचं कटिंग काढत होते आणि कात्री एका बातमीवर अडली. अमेरिकेतल्या कुणा बेसबॉल खेळाडूनं ताकदीचं औषध घेतलं होतं आणि आता त्यानं सगळ्यांसमोर माफी मागितली होती. मामांनी दुकान बंद केलं आणि अर्धी बाही हातात घेऊन माझ्या घरी आले. तेव्हा कुठं मला कळलं, वडगावच्या त्या सामन्याच्या सकाळी त्यांचे गुडघे धरले होते. हाडांना कॅल्शियम लागतं एवढं ऐकून होते, म्हणून गोठ्यातली म्हशीच्या टॉनिकची बाटली त्यांनी अर्धी रिकामी केली होती. "म्हंजी तो कप आपला न्हाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून माझं हसू ओठातच राहिलं.

वडगावच्या बाजारच्या दिवशी आम्ही मोटरसायकलवरून निघालो, मामांच्या मांडीवर घासूनपुसून लख्ख केलेला कप. मामांनी ग्रामपंचायतीत माईक मागून घेतला आणि भोंग्यावर खरखर झाली. पाणी कधी सुटणार ते कळेल म्हणून बाजार कान देऊन उभा राहिला. मामा म्हणाले, "वडगावकर, मी मांडवगणचा टेलर. तुमच्या मैदानावर मी म्हशीचं औषध पिऊन बॉल मारला. पोरांना चोरी करू दिली न्हाई, आन् मीच चोर निघालो. मला माफ करा." कप त्यांनी समोर टेबलावर ठेवला, पण हात त्यावरून लवकर सुटेना. अमेरिकेतल्या त्या गड्याला इतकं जड गेलं असेल, असं मला वाटत नाही.

गर्दीतून उंच माणूस पुढं आला. चेंडू टाकणारा तोच पोरगा, आता गुरांचा डॉक्टर झालेला. त्यानं माईक घेतला. "मामा, त्या बाटलीनं एवढी ताकद येत असती, तर तालुक्यातल्या समद्या म्हशी बेसबॉल खेळल्या असत्या. बॉल मी टाकला हुता, चांगला टाकला हुता. तुम्ही त्याच्यापरीस चांगला मारला." बाजार हसला. कप त्यानं मामांच्या हातात परत दिला आणि वर वांगी बांधून दिली.

परतताना मामांनी वांगी मांडीवर घेतली, कप छातीशी धरला. मग मागून हळूच विचारलं, "म्हंजी, तो मीच मारला?"

"तुम्हीच, मामा."

पुढं त्यांना दिसेनासं झालं, मशीन विकलं गेलं. मी भेटायला गेलो की कप हाताशी असायचा आणि प्रश्न ठरलेला, बॉल कुठवर गेला होता? दर खेपेला मी चेंडू एकेक शेत पुढं न्यायचो. मामा ऐकत राहायचे, तोंडभर हसायचे. शेवटच्या भेटीत ऊस संपला, शेतं संपली. मी सांगून टाकलं, की चेंडू भीमा ओलांडून पार दौंड तालुक्यात जाऊन पडला.

मामांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "एवढं खोटं बोलू नगं बाबा," म्हणाले, "भोंग्यावरनं माफी मागावी लागंल, आन् आता तुझ्यासंगं यायला मी न्हाई."