बिराचा कागद

त्या मंगळवारी सकाळी मी परतूरच्या माझ्या मेडिकलचं शटर वर करत होतो, तेव्हा सविता वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले..." एवढंच बोलल्या. शटर अर्धं वर, अर्धं खाली, आणि मी खाली वाकलेला तसाच. मारोती गेला हे कळल्यावर माझ्या डोक्यात आधी काय आलं असेल? काउंटरच्या खणात पडलेला त्याचा कागद. याची मला अजून लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

या कागदाचं सांगायचं तर आमच्या खेळाबद्दल सांगावं लागेल. आम्ही दर रविवारी खेळायला बसतो म्हटलं की लोकांना पत्ते वाटायचे. हा खेळ वेगळा. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, सूत्रधाराने गोष्ट सांगत पुढे न्यायची, आणि पात्राचं काय होतं ते फाशांवर ठरायचं. राक्षस, जादू, पडके किल्ले, सगळं त्यात. पात्राची ताकद, चिलखत, जखमा हे आकड्यांत एका कागदावर लिहिलेलं असतं. कॉलेजात असताना हैदराबादच्या फुटपाथवर मला या खेळाचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. मी ते चित्रं बघून घेतलं, मारोतीने मात्र डिक्शनरी घेऊन अख्खं वाचून काढलं. त्याच्याबरोबर नोकरीला असलेली शाहीन आमची सूत्रधार झाली. मारोतीच्या लग्नानंतर सविता वहिनी, ही मोठी माणसं असं काय खेळतात ते बघायला म्हणून बसल्या आणि उठल्याच नाहीत.

मारोतीचं घराणं घनसावंगीकडचं, मेंढ्यांमागे फिरणारं. तो शिकला आणि बदनापूरला बियाणं तपासायच्या कामाला लागला. शंभर बिया ओल्या कागदावर मांडायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, पुन्हा मोजायचं. आमच्या नकाशावरची पात्रंही त्याने बियांचीच केली होती. माझा लोखंडी शिपाई म्हणजे हरभरा, वहिनींची जादूगारीण म्हणजे तूर, आणि त्याचा स्वतःचा बिरा म्हणजे सरकी, कपाशीचं बी. बिरा हा वाटाड्या होता, डोंगरातून लोकांना पलीकडे नेऊन सोडणारा. बी हलवायचं झालं की मारोती नोकरीवरचा चिमटा काढायचा आणि इतक्या जपून उचलायचा की मी म्हणायचो, "अरे, ते उगवणार न्हाई, ठेव लवकर."

मग शाहीनच्या भावाने त्याच जातीच्या एका नव्या खेळाचं पुस्तक आणलं. नियम सोपे, लढाई जलद. आम्हाला ते आवडलं, पण आमची गोष्ट बारा वर्षांची होती आणि ती सोडवेना. तेव्हा मारोती म्हणाला, गोष्ट तीच ठेवू, माणसं तीच ठेवू, फक्त आकडे या पुस्तकातून त्या पुस्तकात नेऊ. "कळप एका शिवारातून दुसऱ्या शिवारात न्यायचा तसं हाय हे. एकबी मेंढरू मागं राह्यला न्हाई पाह्यजे." त्यासाठी त्याने जाड वही केली. डावीकडे जुना नियम, उजवीकडे नवा.

पहिल्याच दिवशी त्याने मला पकडलं. मी माझ्या शिपायाची ताकद नव्या हिशेबात गुपचूप दोनने वाढवून घेतली होती. मारोती रागावला नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: स्वतःचं पात्र स्वतः न्यायचं नाही. माझा शिपाई तो नेणार, त्याचा बिरा मी नेणार, वहिनींची जादूगारीण शाहीन. नेऊन झालं की ज्याचं पात्र त्याने कागद वाचायचा आणि मोठ्याने 'बराबर' म्हणायचं. हा आमच्या घरचा रिवाज झाला.

आणि पहिली चूक केली ती मारोतीनेच. जुन्या पुस्तकात चिलखताचा आकडा जितका लहान तितकं चिलखत भक्कम, नव्यात नेमकं उलटं. त्याने माझ्या शिपायाचा दोनचा आकडा तसाच उतरवला. मीही न बघता 'बराबर' म्हणालो. नव्या नियमांच्या पहिल्याच रविवारी माझ्या लोखंडी शिपायाला एका साध्या कोल्ह्याने लोळवलं. वहिनी हसून हसून स्वयंपाकघरात पळाल्या. मारोतीचा चेहरा मात्र उतरला. चार दिवस त्याने फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "रमाकांत, माझ्या हातानं तुझा माणूस मेला." एक म्हातारी हातातली औषधाची पिशवी टाकून निघाली होती, तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. शाहीनने तो रविवार झालाच नाही असं ठरवून शिपाई जिवंत केला. पण त्यानंतर वहीतल्या प्रत्येक आकड्यावर मारोतीच्या दोन खुणा असत, एक निळी, एक लाल.

एका नियमावरून मात्र तो अडून बसला. जुन्या पुस्तकात जखमा दिवसाला एक अशा भरतात, तेही नुसतं पडून राहिलं तर. नव्यात रात्रभर झोप झाली आणि सूत्रधाराने 'सकाळ झाली' म्हटलं की पात्र ठणठणीत. "असं कुठं असतंय का?" मारोती म्हणाला. "बापाच्या पायाला कुऱ्हाड लागल्ती तर चार महिने लंगडत होता. झोपून कोण बरं होतं?" शाहीन म्हणाली, "मारोतीभाऊ, खेळ आहे हो." पण तो ऐकेना. जखमांचा नियम जुनाच राहिला.

त्यानंतर त्याच्या किडन्यांचं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला संभाजीनगर. गाडी बदनापूरला थांबली की तो खिडकीतून बाहेर बघत राहायचा, वहिनी सांगत होत्या. तरी त्या वर्षात त्याने माझा शिपाई पुन्हा नीट नेला, शाहीनचे राक्षस नेले, गावं, किल्ले, सगळं नेलं. राहिला होता फक्त बिरा, आणि तो माझ्याकडे होता.

"माझा कागद झाला का न्हाई?" तो विचारायचा.

"करून राह्यलो की. ह्या रविवारी देतो."

मी केलाच नव्हता. सुरुवातीला आळस म्हणून. नंतर त्याचे हात बारीक झाले, पायांवर सूज आली, आणि मला तो खण उघडायची भीती वाटू लागली. सगळं सगळं नेऊन झालं, आता निघायला हरकत नाही, असं त्याला वाटेल की काय... मी औषधं विकणारा माणूस. त्याच्या चिठ्ठीवरची औषधं वाचून मला सगळं कळत होतं. बिरा मागे राहिला तर मारोती थांबेल असं काहीतरी मी मनाशी धरून बसलो होतो. आज वाटतं, त्या माणसाला मी उगाच ताटकळत ठेवलं.

शेवटचा भेटलो तो रविवारी दुपारी, त्याच्या घरी. तो पलंगावर, मी खुर्चीत. म्हणाला, "बिराला ते नवं लाव."

"काय नवं?"

"झोपेचं. झोपला की बरा."

मी हसलो. "आता बरा पलटला तू. चार महिने लंगडायचं होतं ना?"

तो हसला नाही. "दमलाय रे तो," म्हणाला, आणि भिंतीकडे वळला. मी 'बरं, लावतो' म्हणून निघालो. दोन दिवसांनी वहिनींचा तो फोन आला.

तीन आठवड्यांनी वहिनींनीच आम्हाला बोलावलं. टेबल तेच, त्याची खुर्ची रिकामी, चिमटा जागेवर. मी खणातला कागद नेला होता. जुन्या हिशेबाने बिराच्या एकतीसपैकी सत्तावीस जखमा भरायच्या होत्या. दुपारभर बसून मी त्याला नेला. चिलखताचा आकडा उलटा करून घेतला. प्रत्येक आकड्यावर आधी निळी खूण केली, मग लाल. जखमांसमोर नवा नियम लिहिला.

कागद वाचायचा कोणी, हे ठरलंच नव्हतं. वहिनींनीच तो ओढून घेतला, बोट ठेवत ओळीओळीने वाचला, एका ठिकाणी डोळ्याला पदर लावला, आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "बराबर."

त्यांनी चिमट्याने सरकी उचलली आणि नकाशावर काढलेल्या पालात, बिराच्या तंबूत, ठेवली. बिरा झोपला. आता शाहीनने 'सकाळ झाली' म्हणायचं होतं. तिने पुस्तक उघडलं, मिटलं, ओठ हलवले. "पुढच्या रविवारी म्हणते," इतकंच बोलून ती चष्मा पुसत बसली.

त्यानंतरही आम्ही दर रविवारी जमतो. चहा होतो, फासे टेबलावर असतात. पालातली सरकी वहिनी घर झाडतानाही हलवत नाहीत. शाहीनने अजून ते म्हटलेलं नाही, आणि आम्ही दोघंही तिला घाई करत नाही.