शिंप्याचा दगड

समस्त आप्तेष्ट आणि हितचिंतकांना अत्यंत जड अंतःकरणाने, आणि त्याहून जड पिशवीने, कळविण्यात येते की आमच्या पँटचा उजवा खिसा म्हैसूर मुक्कामी, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, अल्पशा आजाराने निवर्तला. आजाराचे नाव दगड.

लोक म्हैसूरला राजवाडा बघायला जातात. मी सरस्वतीपुरमला बहिणीकडे उतरलो तो राजवाड्याच्या पायाखाली काय आहे ते बघायला. दगड, स्फटिक, जीवाश्म, जे खिशात मावेल ते गोळा करणे हा माझा जुना छंद. पहिल्याच सकाळी गुलाबी ग्रॅनाइटचे तुकडे वेचताना खिशाने प्राण सोडला. बहिणीने सुईदोऱ्याला हात लावायला साफ नकार दिला.

"पांडण्णांकडे जा," ती म्हणाली. "शिंपी आहेत. मराठी बोलतात, म्हणजे त्यांच्या पद्धतीचं."

बाजारामागच्या गल्लीत पांडण्णांचे दुकान. पिढ्यान्‌पिढ्या इकडेच स्थिरावलेले मराठी घराणे. भिंतीवर विठोबा, त्याला मल्लिगेचा (मोगऱ्याचा) हार, आणि खाली सत्तरीचे पांडण्णा.

"बन्नि, बन्नि (या, या)! अय्यो, काय खिसा हो हा! आत घूस पाळलं होतं काय?"

"दगड होते."

"दगड? घर बांधताय?"

"नाही हो. छंद."

त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले की शिलाई माफ करतात की काय असे वाटले. मग खिशाच्या कापडावर खूण करायला त्यांनी एक हिरवट पांढरी चकती उचलली, नखाएवढी, कडेला झिजून पातळ झालेली. मी उडालोच. शंखजिऱ्याचा दगड! जगातले सर्वांत मऊ खनिज! आता दगडवेड्यांची एक खोड असते. नवा दगड दिसला की आधी तो नखाने ओरखडून बघायचा. मी चकती घेतली, अंगठ्याचे नख रोवले, आणि कट्‌कन आवाज झाला. तुकडे फरशीवर पडले. ते वाचवायला पुढे झालो आणि त्यांच्यावरच पाय दिला.

पांडण्णांनी वाकून चुरा तळहातावर गोळा केला.

"आमच्या अज्जांचं (आजोबांचं) होतं ते," पांडण्णा म्हणाले. "घरातल्या प्रत्येक नवरीचं ब्लाउज त्यानंच आखलं. विकतच्या खडूला मेण असतंय, रेशमावर डाग धरतंय. हे झटकलं की गेलं." त्यांनी कपाटाकडे बोट दाखवले. तिथे नातीच्या लग्नाचे मोरपंखी रेशीम घडी करून ठेवले होते. लग्न चार दिवसांवर. "परवा कापणार होतो. आता हात कसा लावू?"

हे ते रागाने बोलले असते तर बरे झाले असते.

आजोबांना तो दगड कुठे मिळाला? तर जवळच्या वरुणा गावाच्या पलीकडे, गावोगाव शिवणकाम करत फिरताना, कुठल्याशा शेतात. एवढाच पत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बसमध्ये होतो. मी हातोडी घेऊन, पांडण्णा छत्री घेऊन.

वरुण्याला उतरून भाताच्या आणि उसाच्या मधून चालत गेलो. एका बांधावर नांगरात लागलेल्या दगडांचा ढीग होता आणि शेजारी शिवम्मा नावाची मालकीण म्हशीला पाणी दाखवत होती. पांडण्णांनी कन्नडमध्ये परवानगी मागितली. ती इतकी हसली की म्हैससुद्धा पाणी प्यायची थांबली.

"काय म्हणाली?"

"म्हणती, सगळे न्या. वरून कॉफी देते."

मी ढिगावर तुटून पडलो. बाटलीतले पाणी ओतायचे, चालेना तर जिभेने ओले करायचे, म्हणजे दगडाचा खरा रंग कळतो. शिवम्माने ते पाहून म्हैस जरा लांब नेऊन बांधली. आणि अचानक, हिरवट दगडाच्या पोटात, माणकाच्या रंगाचे, सहा कडांचे, पिंपासारखे फुगीर स्फटिक. कुरुंद, म्हणजे कच्चे माणिकच! चाकू ओढला तर चाकूचेच लोखंड त्यावर घासले गेले. मी तिथेच ढिगाशी बसकण मारली. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर या भूमीपुढे परवाचे पोर. इथला खडक जाणकारांच्या हिशेबाने तीनशे कोटी वर्षांच्या घरातला. तेव्हा झाड नव्हते, मासा नव्हता, गवताची काडी नव्हती. काळोखात, प्रचंड दाबाखाली, कुणी बघणारे नसताना, या सहा कडा कुणी इतक्या नेमक्या घडवल्या?  मग माझे तोंड सुटले ते थांबेना. सगळे पांडण्णांना सांगून टाकले.

ते शांतपणे म्हणाले, "चांगलं आहे. शिवायला चालतंय का?"

मी ओशाळून पुन्हा कामाला लागलो. मऊ दगड मिळाले, नाही असे नाही. पण पांडण्णा प्रत्येक तुकडा आपल्या उपरण्यावर ओढून बघत. एकात खडा, दुसऱ्यात किरकिर, तिसऱ्याने धागाच उचकटला. "बेडा (नको). रेशीम फाडेल." ऊन चढले, ढीग संपला. पांडण्णा शेजारच्या शिवम्माच्या घराच्या दारातल्या बसायच्या दगडावर जाऊन बसले आणि कॉफीचा लोटा दोन्ही हातांत धरून राहिले. मी हातातल्या माणकाकडे पाहिले. पहिल्यांदाच मला माझा दगड फुकटचा वाटला.

निघायला ते उठले आणि पुढे चालू लागले. त्यांच्या काळ्या पँटची बैठक पांढरीफटक!

"पांडण्णा, थांबा!" मी धावलो आणि शिष्टाचार विसरून मागून फटकारले. पांढरे गेले. डाग नाही, रेघ नाही, काही नाही. आम्ही दोघांनी एकदम वळून त्या दगडाकडे पाहिले. मग पांडण्णा पाहुणे म्हणून नव्हे, तर शिंपी म्हणून त्याच्यासमोर उकिडवे बसले, उपरण्याचे टोक त्यावर घासले, खडा नाही, किरकिर नाही, आणि समाधानाने डोळे मिटले.

शिवम्माच्या सासूबाईंपासून सगळ्या त्यावर बसत आलेल्या. तरी ती म्हणाली, "कोपरा घ्या. बसायला उरलेला पुष्कळ आहे."

परतीच्या बसमध्ये पांडण्णा अवाक्षर बोलले नाहीत. दगड रुमालात, रुमाल मांडीवर, नजर खिडकीबाहेर. मला वाटले, थकले असतील.

दुकानात नात सौम्या वाट पाहत होती. कोपऱ्याची चकती घासून झाली. आधी रेशमाच्या चिंधीवर रेघ, फटकारा, स्वच्छ. मग मोरपंखी रेशीम पसरले गेले आणि पांडण्णांनी विठोबाकडे एकदा बघून गळ्याची गोलाई एका दमात ओढली. चंद्रकोरीसारखी ती रेघ तिथे उमटली. मी मुंबई-पुण्याच्या किती संग्रहालयांत किती स्फटिक पाहिले असतील, पण इतका जुना दगड इतक्या कोवळ्या कामावर लागलेला पाहिला नव्हता. घरी परतल्यावर कुरुंद कपाटात मानाच्या जागी ठेवला. पण मित्र जमले की मी गोष्ट सांगतो ती त्याची नाही, त्या रेघेची. कारण पुढे झाले ते असे.

सौम्याने वाकून पाहिले. "अज्जा, नेक अजून थोडं डीप पाहिजे. हे पुसा, परत काढा."

पांडण्णांनी झटकायला हात उचलला. तो हवेतच राहिला. बसपासून गप्प असलेला तो माणूस माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडलाच, "अय्यो, तीनशे कोटी वर्षांचं रेघ हे, पुसायला माझा हातच होईना की हो!"