वर न पोचलेला नारळ

नवस बोलताना आपण नेमकं काय कबूल करतोय, याकडे माझं तरी लक्ष नव्हतं. लंडनजवळ, आम्ही राहतो त्या वॉटफर्डला स्टेशनकडे जाताना गोठलेल्या फुटपाथवर पाय सटकला, मांडीचं हाड मोडलं आणि मी हॉस्पिटलच्या खाटेवर छताकडे बघत पडून राहिले. ऑपरेशन चांगलं झालं होतं. चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. डोंगरांचं विचारलं तेव्हा मात्र ते नुसतं हसून "बघू" म्हणाले. कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेल्या बाईला हे "बघू" फार झोंबलं. त्याच दुपारी मी घरच्या गणपतीला मनोमन सांगून टाकलं, "पुन्हा डोंगर चढेल असा पाय दे. भर हिवाळ्यात स्कॉटलंडच्या शिखरावर येऊन तुला नारळ वाढवीन." घरी देवघरासमोर वाढवीन म्हटलं असतं तरी त्याने ऐकलं असतं. पण माझा स्वभावच असा की देवाशी बोलतानाही जरा फुशारकी मारल्याशिवाय राहवत नाही.

पाय त्याने दिला. आधी कुबड्या, मग काठी, मग कालव्याकाठचं फिरणं, असं करत मी पुन्हा टेकड्यांवर जाऊ लागले. आता फेडायची पाळी माझी होती. नवरा मिलिंद सोबत येणार हे ठरलेलंच होतं. शिवाय कार्डिफहून वैशाली आली. ती मूळची नागपूरची, भूलतज्ज्ञ, माझी जुनी मैत्रीण. तिच्या घरात बुद्धवंदना म्हटली जाते आणि नवसाबिवसाला तिथे कोणी विचारत नाही. "तुझ्या नवसावर माझा विश्वास नाही," ती फोनवर म्हणाली, "तुझ्यावर आहे. म्हणून येते." आम्ही तिघांनी बर्फात चालण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी आणि फावडी घेतली, आणि फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स डोंगरांच्या पायथ्याशी एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये जाऊन उतरलो. माझ्या सॅकमध्ये सगळ्यात वर, लोकरीच्या टोपीत गुंडाळलेला नारळ होता. मिलिंद त्याला आमचा चौथा मेंबर म्हणायचा.

खरी अडचण सकाळी नाश्त्याच्या टेबलावर आली. तिकडे हिवाळ्यात डोंगरांवरच्या हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज रोज जाहीर होतो. एक वर्तुळ असतं, त्यात दिशा असतात, आणि ज्या दिशेच्या उतारावर जितका धोका तसा तिथे रंग भरलेला असतो. वैशालीने फोन माझ्यासमोर सरकवला. ईशान्येची बाजू वरच्या उंचीला केशरी होती. नैर्ऋत्येकडून वारा जोरात वाहिला होता, आणि असा वारा बर्फ उचलून डोंगराच्या पलीकडच्या अंगावर नेऊन थापतो. तो थर वरून घट्ट दिसतो, पण खालच्या जुन्या बर्फाला धरून राहत नाही. आमची वाट नेमकी त्याच अंगाने शिखरावर जात होती. धारेवरून जाणारी दुसरी वाट होती, पण ती फार लांब. दिवस छोटा, आणि माझा पाय अजून तितका पक्का नव्हता.

"कन्सिडरेबल आहे गं," वैशाली म्हणाली.

"पाचातली तिसरी पायरी ना? म्हणजे मधलीच की. शाळेत एवढ्या मार्कांना पास करायचे."

"हा रिझल्ट नाहीये. बहुतेक लोक याच तिसऱ्या पायरीला फसतात, कोर्समध्ये सांगितलं होतं की नाही?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. आदल्या दिवशीचे ढग कुठल्या कुठे गेले होते आणि डोंगर उन्हात न्हाऊन उभा होता. "बाप्पाने बोलावलंय बघ," मी म्हटलं. वैशाली टोस्टला लोणी लावत म्हणाली, "आकाश आजचं आहे, मान्य. पण बर्फ कालचाच आहे ना?" मिलिंदने नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. वरच्या तळ्यापर्यंत सपाट, सुरक्षित वाट आहे, तिथवर जाऊ आणि उतार डोळ्यांनी बघून ठरवू. मी हो म्हटलं, पण मनात माझं कधीच ठरलं होतं. देवाचं काम घेऊन निघालेल्या माणसाला देव काही होऊ देणार नाही, असा माझा साधा हिशेब होता. आणि त्या दोघांचे जीवही मी त्यात परस्पर धरून टाकले होते.

तळ्यापर्यंतची चाल मात्र अशी सुंदर झाली की अजून आठवली तरी जीव सुखावतो. बुटांना लावलेले लोखंडी काटे करकर वाजत होते, पाय कुरकुरत नव्हता आणि मी आरत्या म्हणत होते. वैशालीला शब्द येत नव्हते, तरी ती टाळ्यांनी साथ देत होती. तळं पार गोठलेलं होतं. त्याच्या पलीकडे आमचा उतार उभा होता, पांढरा, गुळगुळीत, पायाचा एकही ठसा नसलेला. आम्ही त्याच्यापासून चांगले लांब थांबलो. "मला या उताराचं लक्षण ठीक दिसत नाही," मिलिंद म्हणाला. मी म्हटलं, "तू जरा थांब, आधी नारळाला हळदकुंकू लावू दे, मग बोल." या नवसातून सुटायची वाट असेल तर देवच दाखवेल, असंही एक मन म्हणत होतं. पण हे मन फार हळू बोलत होतं, आणि मी त्याला बोलू देत नव्हते.

नारळ बाहेर काढला आणि जाड हातमोज्यांतून तो निसटला. बर्फावरून घरंगळत, उड्या मारत तो शेजारच्या ओढ्याच्या काठावरून खाली गेला. माझा नवसाचा नारळ! मी "अरे, अरे" करत मागे धावले. काठ माणसाच्या उंचीचाही नसेल. त्याच्या कडेवर पाय ठेवला आणि पायाखालून एक दबका आवाज आला, कोणीतरी मोठा सुस्कारा सोडावा तसा. माझ्यासमोरून बर्फात सरळ एक चीर गेली आणि अख्खा काठ मला घेऊन खाली बसला. क्षणात सगळं थांबलं. मी गुडघ्यांच्या वर रुतले होते आणि पाय हलत नव्हते. मऊ दिसणारा तो बर्फ थांबताक्षणी सिमेंटसारखा झाला होता. नारळ माझ्यापुढे हातभर अंतरावर, ढिगाऱ्याच्या वर, शाबूत बसला होता.

वैशाली धावत आली ती अस्सल नागपुरीत ओरडतच. "काऊन आमच्या जिवावर उठली बाप्पा!" मी ठीक आहे हे कळल्यावर तिघांनाही हसू फुटलं. मग फावडी निघाली. खणता खणता मिलिंदने काठाकडे बघितलं, मग तळ्यापलीकडे बघितलं, आणि त्याचं हसू थांबलं. काठाचं तोंडही ईशान्येलाच होतं. वारा तोच, बर्फ तोच. इथे तो माझ्या गुडघ्यांच्या जरा वर आला होता आणि तिथे आमच्या डोक्यावर कित्येक मजले उभा होता. मला एकदम रडू आलं.

तेवढ्यात एक कुत्रा येऊन नारळ हुंगू लागला. त्याच्या मागून लाल टोपीतली, साठीच्या पुढची एक बाई आली. तिनेही फावडं काढलं आणि न विचारता माझा दुसरा पाय मोकळा करायला लागली. तीही वर निघाली होती, पण पायाखाली असाच आवाज ऐकून परतली होती. हे काय आहे, तिने नारळाकडे बघून विचारलं. मी डोळे पुसत नवसाची सगळी गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकली आणि खरोखर जाणून घ्यायच्या स्वरात विचारलं, "तुमचा देव फक्त वरच राहतो का?"

मी नारळ उचलला, हळदकुंकू लावलं आणि तळ्याकाठच्या खडकावर वाढवला. पाणी उडालं, आत खोबरं पांढरंशुभ्र निघालं. त्या बाईने प्रसाद दोन्ही हातांत घेतला. कुत्र्यालाही मिळाला. वैशालीने तर मागून घेतला. शेंड्या-करवंट्या मिलिंदने पिशवीत भरल्या, आणि ती बाई आमच्यापुढे भराभर चालत वळणाआड गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

गेस्ट हाउसवर आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली. शिखरावर म्हटलं होतं, आणि फुटला तळ्याकाठी. साताऱ्याला सासूबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवस कशासाठी बोलली होतीस?" त्यांनी विचारलं.

"पायासाठी, आई."

"आणि पाय कुठाय?"

"हा काय, उशीवर ठेवलाय."

"मग झालं की. त्याने दिलेला पाय त्याच्याच नावाने मोडून घेतला असतास, तर त्याला काय वाटलं असतं? शेक घे आणि झोप."

दुपारनंतर तो उतार खरंच घसरला का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही. तो नारळ हातातून का निसटला, याचंही माझ्याकडे उत्तर नाही. मोजे जाड होते, एवढं खरं. पण तेव्हापासून डोंगरावर निघायच्या सकाळी मी आधी ते रंगीत वर्तुळ बघते, मग दिवा लावते, आणि दोन्हींपुढे सारखंच डोकं टेकवते. "तू म्हणशील तिथवर," एवढंच म्हणते. फुशारकी गेली, आणि चालणं पूर्वीपेक्षा हलकं झालं. मिलिंद आणि वैशाली अजून माझ्यासोबत येतात, याचे आभार मी कितीही मानले तरी अपुरेच आहेत. माझ्या हट्टाने मी बाप्पाला भेटायला वर निघाले होते. तो माझ्याआधीच उडी मारून खाली उतरला होता, आणि मी पोचेपर्यंत ढिगाऱ्यावर बसून वाट बघत होता.