साठ खुर्च्यांची पाहणी

माझी आई आंधळी आहे हे कळलं की लोक आधी हळहळतात. आम्ही दोघी नवं शहर बघायला निघालोय हे कळलं की मला बाजूला घेऊन विचारतात, "पण त्यांना काय दिसणार?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं मी आता सोडून दिलंय. धडधाकट डोळे असून या लोकांना तरी काय दिसतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

आईची दृष्टी सातव्या वर्षी तापात गेली. अठराव्या वर्षी ती आमच्या गावातल्या अंधांच्या कारखान्यात खुर्च्या विणायला लागली आणि तिथेच एकतीस वर्षं राहिली. वेताच्या भिजवलेल्या पट्ट्या चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरप्या, आणि बैठक अशी ताणायची की टिचकी मारली तर वाजली पाहिजे. तिच्या बोटांना इतके घट्टे पडलेत की लहानपणी तिने लाडाने माझ्या गालावरून हात फिरवला तरी ओरखडा उठायचा. त्याच हातांनी तिने मला शिकवलं, आणि वडील गेल्यावरही कुणापुढे हात पसरला नाही. मला तिचा अभिमान आहे आणि तो मी चारचौघांत बोलून दाखवते. मनात ठेवून त्याला काय व्याज मिळणार आहे?

या सहलीसाठी मी सात ठिकाणांची यादी केली होती. शहर मात्र तिने निवडलं होतं, का ते तेव्हा सांगितलं नाही. पहिल्या दिवशी राजवाड्यातल्या संग्रहालयात तिने एका संगमरवरी राणीच्या पायाला हात लावला आणि पहारेकरी धावत आला. हात लावायला मनाई आहे, म्हणाला.

"मग मी बघू कशानं?" आईने विचारलं.

बिचाऱ्याने जिन्याचा लाकडी कठडा दाखवला, हा हवा तेवढा बघा म्हणाला. आईने कठडा खालपासून वरपर्यंत पाहिला आणि काम चोख आहे असा शेरा दिला. राणीचा अंगठा मात्र तिला उरकून टाकल्यासारखा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझी यादी बाजूला सारली. आपल्याला इथल्या वाचनालयात जायचंय, म्हणाली. मी हसले. मग तिने कारण सांगितलं आणि माझं हसू ओसरलं.

बावीस वर्षांपूर्वी या वाचनालयासाठी तिच्या कारखान्याने साठ खुर्च्या विणल्या होत्या. माल उचलताना ठेकेदार तिच्यासमोरच टेम्पोवाल्याला म्हणाला होता की आंधळ्यांचं काम आहे, पाच वर्षं टिकलं तरी डोक्यावरून पाणी. डोळे नसले की कानही नसतात, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. पुढचं काम त्याने यंत्रावर विणलेल्या तयार जाळीला दिलं. कारखान्यातल्या अकरा विणकरांचे चार उरले. आई तेव्हा गप्प बसली, कारण त्याला द्यायला तिच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर त्या साठ खुर्च्यांत होतं आणि खुर्च्या टेम्पोत बसून निघून गेल्या होत्या.

"आणि फाटल्या असतील तर?" मी विचारलं.

"तर तसं कळेल. बावीस वर्षं झाकली मूठ धरून बसलेय. आता हात अवघडला."

वाचनालयाच्या खालच्या दालनात शिरल्याबरोबर तिने पहिल्या खुर्चीवर हात ठेवला. वर रेक्झिन, आत स्पंज. दुसरीही तशीच. तिसरीला तिने हात लावलाच नाही. माझ्या दंडावरचा तिचा हात जड झाला. कुठून हिला इथे आणलं, असं मला वाटलं. खरं तर तिनेच मला आणलं होतं.

टेबलामागच्या ग्रंथपाल बाईंनी आमच्याकडे सभासद कार्ड मागितलं. मी त्यांना सगळं सांगितलं, जरा तोडूनच सांगितलं. त्यांनी हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला, उठल्या आणि म्हणाल्या की जुन्या खुर्च्या वर वृत्तपत्रांच्या खोलीत आहेत, चला, दाखवते.

वरच्या खोलीत खुर्च्या होत्या, पण प्रत्येकीवर माणूस होतं. परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली आणि निवृत्त झालेले गृहस्थ. आई सरळ जमिनीवर बसली आणि जवळच्या खुर्चीखाली हात घातला. वर बसलेले गृहस्थ चांगले अंगापिंडाने भरलेले होते, ते ताडकन उठले.

"उठू नका," आई म्हणाली. "तुम्ही बसलेलेच हवेत. रिकामी खुर्ची काय, कुणाचीही ताठ असते."

विणकर पट्टीची टोकं बैठकीच्या खाली गाठ मारून संपवतो, आणि प्रत्येकाची गाठ वेगळी. "ही आक्काची," आई म्हणाली. आक्का म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत वडीलधारी. आता ऐंशीची आहे आणि तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. मग आई गुडघ्यांवर सरकत खुर्चीमागून खुर्ची बघत गेली. मी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीमागे टिपत गेले. आक्काच्या चौदा, कारखान्यात सगळे ज्याला बासरीवाला म्हणत त्या विणकराच्या नऊ, आईच्या अकरा, बाकी इतरांच्या. लोक आपणहून पाय उचलून धरत होते.

एका खुर्चीपाशी ती थांबली. "ही माझीच," म्हणाली, "आणि कोपऱ्यात फाटलीय." दुसऱ्या कुणाची म्हणाली असती तर आम्हाला काय कळणार होतं? तिने ग्रंथपाल बाईंना सांगितलं की वर्षातून दोनदा खालून ओलं फडकं फिरवत जा, वेताला तहान लागते. बाईंनी ते लिहून घेतलं.

एकूण भरल्या चोपन्न. उरलेल्या सहा कुठे, मी विचारलं. त्या भंगारात गेल्या, बाई म्हणाल्या, पाय मोडले होते.

"पाय सुताराने केले होते," आई म्हणाली. "चांगला दोन डोळ्यांचा होता."

सगळी खोली हसली. बाईही हसल्या. खालच्या स्पंजच्या खुर्च्या आजवर दोनदा बदलाव्या लागल्या, म्हणाल्या. या कुणी विणल्या हे कधी कुणी विचारलं नाही, कारण तक्रारच आली नाही.

मला त्या ठेकेदाराला कानाला धरून तिथे आणावंसं वाटत होतं. आईला त्याची आठवणही उरली नव्हती. "आक्काला फोन लाव," ती म्हणाली. मी भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलंय म्हणून सांगितलं. "मला दिसत नाही," ती म्हणाली. "लाव."

आक्काला कमी ऐकू येतं, त्यामुळे आईला ओरडावं लागलं. "आक्का, तुझ्या चौदा सापडल्या. चौदाच्या चौदा ताणलेल्या आहेत."

पलीकडून आक्काने विचारलं, "आणि तुझ्या?"

"एक फाटलीय. बाकी दहा ठणठणीत."

"अगं, पण नुसत्या ठेवून दिल्यात की कुणी बसतं?"

आईने त्या भरलेल्या गृहस्थांकडे तोंड वळवलं आणि त्यांचं वजन विचारलं. ते लाजले. ब्याण्णव, म्हणाले.

"ब्याण्णव किलोचा माणूस बसलाय तुझ्या खुर्चीवर," आईने फोनवर ओरडून सांगितलं, "आणि आरामात पेपर वाचतोय."