जुनं ग्राफिक्स कार्ड

आमच्या घरात भुताखेतांना कधी चहासुद्धा मिळाला नाही. बाबा नांदुऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या घरावर दगड पडले, कुणाच्या अंगात आलं, की ते सायकल काढून बघायला जायचे आणि हसत परत यायचे. "कारण असतेच. सापडेपर्यंत उठाचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बौद्ध घर आमचं. सकाळी वंदना, बस; नवस, उतारे, लिंबू-मिरची काही नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला वेड्यात काढलं तर माझी हरकत नाही... मीही काढलं असतं.

नांदुऱ्यात स्टेशनच्या बाजूला आमचं घर. दोन खोल्यांमध्ये एकच भिंत – अलीकडे माझा गेमिंग पीसी, पलीकडे बाबांची खाट. लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. मी चालवतो तो कॉम्प्युटर क्लास रविवारी बंद असतो. आई दुपारी विहारात जायची आणि बाबांकडे लक्ष ठेवायचं काम माझं. म्हणजे काय, तर मधूनमधून डोकावायचं, बाकी वेळ हेडफोन लावून गेम! काही हवं असलं की बाबा डाव्या हाताने खाटेवर चमचा वाजवायचे. तो हेडफोनमध्ये कितपत ऐकू येणार, हे तुम्हीच समजा.

गेल्या उन्हाळ्यात पीसी क्रॅश व्हायला लागला. गेम ऐन रंगात आला की स्क्रीन काळी, पंखे घोंगावायचे, मग रीस्टार्ट. पहिल्या वेळी शिव्या घालत उठलो आणि सहज पलीकडे डोकावलो, तर बाबांना पाण्याचा ठसका लागलेला, चेहरा निळा पडत चाललेला. पाठीवर थापट्या मारून कसंबसं सावरलं. तेव्हापासून आम्ही त्यांचं डोकं उचलून धरायचो आणि चमच्याने पाणी पाजायचो. पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली तेव्हा ते खाटेवरून अर्धे घसरले होते, चादर डाव्या मुठीत घट्ट धरून. नंतर एकदा कूलरची वायर जळून खोलीत धूर भरला होता.

योगायोग! मी टेक्निकल माणूस, दुसरं काय म्हणणार? रॅम काढून खोडरबराने पुसली. थर्मल पेस्ट नवी लावली. ड्रायव्हर उडवून परत टाकले, पॉवर सप्लाय बदलून पाहिला. कूलरमुळे व्होल्टेज पडत असेल म्हणून यूपीएससुद्धा बसवला. क्रॅश चालूच. शेवटी मशीन उचलून शेगावला सलीमच्या दुकानात नेलं. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याने दिवसभर लोड टेस्ट लावून ठेवली, पण मशीन एकदाही बंद पडलं नाही.

"मंग घरी काऊन बंद पडते बे?" मी विचारलं.

"ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालं तुह्यं. आता तेच एक राह्यलं बदलाचं. नवं टाक अन् मोकळा हो."

घरी हे सांगितलं तर आई एकदम म्हणाली, "नको बदलू. ते बंद पडते तवाच तुले बाप आठवते."

"आई, काहीही काय!"

"हासू नको. इतकं बंद पडलं, पन त्याईले गरज नव्हती असं एकदा तरी झालं का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं झालं. तेवढ्यात खाटेवरून बाबांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दोन गोष्टी... संगं झाल्या... म्हनून एकीपाई दुसरी... असं नसते. कार्ड बदल... अन् पाह्य."

आईचे डोळे भरले. "तुमच्या जिवावर काऊन परीक्षा?"

"माह्याशिवाय... कोन हाय?" बाबा अर्ध्या ओठाने हसले.

मी कार्ड बदललं.

त्या रविवारी गेम असा चालला की झाडाचं पान न् पान दिसत होतं. तरी मी सारखा उठून डोकावत होतो. एकदा बाबांनी डावा अंगठा वर करून दाखवला, जणू "म्हटलं होतं ना?" मी निर्धास्त झालो. मग एक लेव्हल संपेपर्यंत उठलो नाही. ती संपली आणि अचानक मला त्या न बंद पडणाऱ्या मशीनचीच भीती वाटली. हेडफोन फेकून पळालो. चमचा खाली फरशीवर पडला होता. बाबा गेले होते.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

सलीम जुनं कार्ड मागत होता, मी दिलं नाही. परत मशीनमध्ये बसवलं. का, विचारू नका. मशीन तेच, कार्ड तेच, गेम तोच, पण इतक्या महिन्यांत एकदाही क्रॅश झालं नाही. माझी खात्री पटत चालली होती की... जाऊ द्या.

गेल्या रविवारी आई विहारात गेली नाही. माझ्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. भर दुपार. आणि स्क्रीन काळी झाली. पंखे घोंगावले.

आईचे हात थांबले. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही याच खोलीत.

मी पलीकडे गेलो. आई ती खाट रोज झटकून ठेवते. सकाळीच ताणून घातलेली चादर एका बाजूने निम्मी खाली ओढली गेली होती, आणि काठाला मुठीत धरल्यासारखा चुरगळा होता. खिडकी आतून बंद. आमच्याकडे मांजर नाही. कारण असतेच, म्हणून मी खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं.

मागून आई आली. हातात पाण्याचा पेला आणि चमचा.

"तहान लागली असन त्याईले," म्हणाली आणि खाटेच्या काठावर बसली.

आई, असं काही नसतं, हे मी म्हणायला हवं होतं. बाबांचा मुलगा ना मी! पण माझा हात सवयीने उशीखाली गेला, डोकं वर धरायला.

उशी गरम होती.

उन्हाळा आहे, नांदुऱ्यात या दिवसांत सगळंच गरम असतं... एवढं एकच कारण मला आजवर सापडलं आहे.