मोठीबाई बरी हाये

“आधी रडून घे माय. बाकी सारं मंग पाहू.”

अमरावतीत आमच्या गल्लीत कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारच्या काकूंचं हे वाक्य त्या घराच्या कानावर पडायचंच. हातात झाकलेलं ताट, त्यात ज्वारीची भाकर आणि पिठलं. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी करून न्यायचं हे जेवण. आमच्याकडे त्याला कडू घास म्हणतात. बाकीच्या बायका ताट ठेवून हळूच निघायच्या. काकू मात्र फतकल मारून बसायच्या आणि त्या घरातल्यांना रडवूनच उठायच्या.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, तर तिचा थोडा धाकही असेल. माझी आई गेली तेव्हा मी मोठ्या शहाणपणानं पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. काकूंनी माझ्या हातातला ट्रे काढून घेतला. “चहा कोनी बी करन. माय तुही गेली का त्यायची?” मी तिथंच खाली बसले आणि भोकाड पसरलं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मधेच मान वळवून आत ओरडत होत्या, “साखर कमी टाक वं, मामाजीले शुगर हाये.”

कुणी रडत नसलं की त्यांनाच कसंतरी व्हायचं. “आसू अंदर रायले त मानूस नासते,” म्हणायच्या.

त्यांची मोठी बहीण पातूरला असायची. काकू तिला मोठीबाई म्हणत. रोज दुपारी जेवण झालं की दोघींचा फोन. भाजी काय केली इथून सुरुवात आणि शेवट बहुतेक भांडणानं. “ठेव फोन, उद्या करूच नोको,” असं म्हणून काकू फोन आपटायच्या आणि दुसऱ्या दिवशी जेवण लवकर आटपून घंटी वाजायची वाट पाहत बसायच्या.

मग कोरोना आला. काकूंच्या मुलानं फाटकाला कुलूप घातलं. दिवसभर पाच घरी डोकावणारी ही बाई, तिला अंगणाच्या भिंतीशी उभं राहणं तेवढं उरलं. मी नोकरीमुळे अकोल्यात अडकले होते. काकू फोनवर म्हणायच्या, “मानसं मरून रायली अन् मी घरात बसून रायली. त्यायच्या घरच्यायले रडवन कोन?” हसत म्हणायच्या, पण झोप उडाली होती, उगाचच छाती धडधडायची. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, बातम्या दाखवू नका, आईचं मन जपा.

दुसऱ्या लाटेत अमरावतीला पुन्हा कुलपं लागली आणि त्याच दिवसांत पातूरला मोठीबाई गेली. मुलानं ठरवलं, आईला सांगायचं नाही. त्याला आईची काळजी होती, हे मी मान्य करते. पण त्यानं सगळ्या गल्लीला आपल्या बाजूला केलं. ज्या गल्लीत कुणाची वांग्याची भाजी करपली हेसुद्धा लपत नाही, त्या गल्लीनं एक मरण लपवलं.

“मोठीबाई बरी हाये,” मुलगा म्हणाला. “फोन पान्यात पडला तिचा.” समोरच्या वहिनींनी सांगितलं, घसा बसलाय, डॉक्टरनं बोलायला मनाई केली. फोन सुधरला की पातूरचं नेटवर्क जायचं. मला अकोल्यात यातलंच काहीबाही सांगितलं आणि मी ते खरं धरून चालले.

काकूंनी मात्र लगेच ओळखलं होतं. “मोठीबाई गेली रे,” त्या मुलाला म्हणाल्या. “तुमी सांगून नाई रायले.” तो म्हणाला, “तुह्या डोक्यात काईबाई येते माय.” सूनही तेच म्हणाली, वहिनीही तेच म्हणाल्या. पुन्हा डॉक्टर झाले, गोळ्या आल्या. काकू मुकाट्यानं त्या घेऊ लागल्या. एकदा मला फोनवर हळूच विचारलं, “मले येड लागलं का वं? सारे म्हनते ते बरी हाये, अन् माहं मन मानूनच नाई रायलं.”

जे खरं होतं तेच त्यांच्या मनात येत होतं आणि त्यावर त्यांना गोळ्या दिल्या जात होत्या. मला आजही याचा संताप येतो.

फुटलं ते अक्षय तृतीयेला. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्यानं भरलेल्या घागरी मांडून पूजा करतात. पातूरच्या घरी दरवर्षी एकच घागर असायची, मोठीबाईच्या नवऱ्याची. त्या वर्षी तिथल्या सुनेनं रीतीप्रमाणं पूजा मांडली, फुलं वाहिली आणि सवयीनं फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एवढी सगळी तोंडं बंद केली, पण घागरीचं कुणाला सुचलं नाही. काकूंनी तो फोटो आपल्या सुनेच्या मोबाईलवर पाहिला.

“हे दुसरी कोनाची?”

सुनेनं मोबाईल ओढून घेतला. काकूंनी गोळ्यांची पाकिटं उचलली आणि खिडकीतून बाहेर फेकली. “म्हंजे मी येडी नोती,” एवढंच म्हणाल्या.

मी परतले तेव्हा गल्लीतल्या बायका उशिरानं का होईना, झाकलेली ताटं घेऊन त्यांच्याकडे जात होत्या. काकूंनी एकही ताट उघडलं नाही. “शिळं झालं हे. घेऊन जा,” म्हणाल्या. त्या रडल्याच नाहीत. मी शेजारी बसून पाहिलं, हात धरून पाहिलं. मला ती कला कुठून येणार?

त्यानंतर कुणी काही सांगितलं की त्यांचा एकच शब्द, “दाखव.” भाचीला मुलगी झाली? दाखव. दूधवाला गावाला गेलाय म्हटलं, तर तो परत येईपर्यंत रोज सकाळी फाटकाशी उभ्या. त्याला पाहिल्यावर त्याच्यावरच खेकसल्या.

पुढच्या वर्षी त्यांचं खाणं कमी होत गेलं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मी स्वतः डॉक्टरांना भेटले. पोटभर जेवल्या तर उठून बसतील, असं ते म्हणाले. पण काकूंनी मनाशी धरलं होतं की आपल्याला मोठा आजार आहे आणि घरचे लपवून राहिलेत. मुलगा ताट घेऊन समोर बसायचा. “सारं बरं हाये माय. खरंच.”

“मोठीबाई बी बरीच होती,” त्या म्हणायच्या आणि ताट सरकवायच्या.

दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. त्याच्या थोडं आधी त्यांनी मला बोलावून घेतलं, सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.

“तू त त्यायच्यात नोती. तू खरं सांग. का निंगालं मले?”

“काईच नाई निंगालं काकू. तुमची शपथ. जेवा, बऱ्या व्हान.”

 त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला.

“तुले बी शिकवलं का त्यायनं,” म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.