शनिवारचा खून, रविवारी कुंडलला

कुंडलमध्ये तेव्हा टीव्ही नव्हता. पण टीव्हीवरच्या एका रहस्यमालिकेचे तीन गाढे अभ्यासक तिथे राहत होते: माझे सासरे, माझ्या सासूबाई आणि माझी बायको. तिघांपैकी एकानंही त्या मालिकेचा एक क्षण पाहिलेला नव्हता. त्यांना जे कळलं ते माझ्या तोंडून, आणि माझ्याइतका वाईट सांगणारा माणूस अख्ख्या साताऱ्यात सापडला नसता.

यात थोडा दोष नोकरीचा. सातारच्या स्टँडवर मी गाड्या पुकारायचो. गाडी पुकारताना आधी ती कुठं जाणार ते सांगायचं. वाटेतली गावं नंतर, तीही सवड असली तर. जिभेला तीच सवय लागली होती. कुणी गोष्ट सांगायला सांगितली की मी शेवट सांगून मोकळा व्हायचो आणि वर म्हणायचो, "मध्ये बरंच काय काय झालं."

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पुण्याकडून जे काही चित्र वाऱ्यावर येईल ते पकडायला साताऱ्यातले हौशी लोक घरावर ताडासारखे अँटेनाचे लोखंडी नळ उभे करत. आमचे घरमालक वकील त्यातलेच. त्यांच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी सगळी आळी जमायची. मालिकेत डोंगरावरचा एक बंगला होता, त्यात एका निवृत्त न्यायाधीशाचा खून झालेला, आणि संशय तिघांवर: लांब केसांचा पुतण्या, एक नर्स आणि घरची स्वयंपाकीण. पडद्यावर बहुतेक वेळ मुंग्याच दिसत. त्यातली कुठली मुंगी पुतण्या आणि कुठली नर्स, हे वकील काठीनं दाखवत.

मी गेलो असतो एखाद्या वेळी, नाहीतर नसतो. पण आमच्या हिला दिवस गेले होते. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात एक गेलं होतं. यंदा सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मूल हवं असेल तर खाटेवरून उठायचं नाही. अगदी बाळंत होईपर्यंत." म्हणून हिला माहेरी आणलं, खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या, पाय उंच आणि डोकं खाली असं निजवलं.

आता ही बाई म्हणजे भल्या पहाटे उसाला पाणी पाजायला बापाबरोबर गेलेली. तिला निजवून ठेवणं म्हणजे म्हशीला माळ्यावर ठेवणं. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी तिला हातात खराट्यासह अंगणात पकडलं. मी रविवारी पोहोचलो तर घरात रडारड चाललेली.

"छत बगून बगून डोळं फुटायची पाळी आली," ही म्हणाली. "आढ्याचं वासं मोजून झालं. आता काय करू, सांगा."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काल वकिलांकडं टीव्हीवर एक खून झाला. बहुतेक पुतण्यानंच केलाय."

ही रडायची थांबली. "कुणाचा?"

तिथून सुरुवात झाली. मी निघताना तिनं अट घातली. "शनवारी नीट बगायचं, ऐतवारी हितं येऊन सांगायचं. मग मी हलणार न्हाई. आन् खुनी आदी सांगितलासा तर उठून बसीन, सांगून ठेवते."

म्हणजे बघा, आमच्या मुलाचा जीव माझ्या स्मरणशक्तीवर टांगलेला. देवानं तरी माणूस बघून जबाबदारी द्यावी.

दर रविवारी मी कराडला गाडी बदलून कुंडल गाठायचो. खाटेभोवती सभा आधीच भरलेली असायची. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी जमिनीवर कोळशानं बंगल्याचा नकाशा काढला होता आणि तो सारवू द्यायचा नाही असा घरात हुकूम होता. त्यांचा पुतण्यावर संशय पक्का. पुरावा एकच.

"केस वाडवल्यात म्हणता न्हवं? मग झालं तर. आमच्या पल्टनीत असता तर पयल्या दिवशी कबूल झाला असता."

सासूबाईंना खुन्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांची काळजी वेगळीच. "ती सैपाकीण सगळ्यास्नी वाडती, पर ती जेवली का न्हाई, ते बगितलंसा का?"

"मामी, ते दाखवत नाहीत."

"दाखवत न्हाईत म्हंजी उपाशीच हाय बगा बिचारी. आन् वर तिच्यावरच खुनाचा वहीम!"

आणि खाटेवरून, पाय उंच आणि डोकं खाली अशा अवस्थेतून, हिची उलटतपासणी चालायची. नर्स दारातून आली तेव्हा चपला घालून की अनवाणी? औषधाची बाटली भरलेली का अर्धी? पुतण्या रडला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं का? मला यातलं काहीही आठवत नसे. "मुंग्या होत्या," एवढंच मी म्हणायचो.

"मुंग्यांतनं बगायचं," ही म्हणायची. "मी हितनं बगत्येच की."

लाजेकाजेस्तव मी नीट बघायला लागलो. शनिवारी वकिलांकडे पुढची जागा धरायचो. स्टँडवर गाड्या पुकारतानाही लोकांच्या चपला बघायचो. एकदा चपलांच्या नादात कोरेगावची गाडी मेढ्याला पुकारली. पाचपन्नास माणसं चढली नि पुन्हा उतरली. त्यांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग वकिलांनी नवी अँटेना बसवली, आधीच्यापेक्षाही उंच. त्या शनिवारी चित्र असं लख्ख आलं की टाळ्या पडल्या. आणि त्यातच मला मालिकेतला सगळ्यात मोठा धागा गवसला. रविवारी खाटेपाशी बसल्या बसल्या मी आवाज खाली आणून म्हणालो, "पुतण्या एकटा नाही. त्याच्या मागं सावलीसारखा आणखी एक माणूस आहे. अगदी त्याच्यासारखा. खिडकीत दोघंही उभे होते."

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "जुळा भाऊ! मी म्हणत न्हवतो?" ते तसं कधीच म्हणाले नव्हते. लगेच कोळसा घेऊन त्यांनी नकाशात मागच्या दाराशी दुसरा पुतण्या उभा केला. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बया! म्हंजी सैपाकणीला आनि एक ताट वाडाय आलं."

हिनं मात्र आढ्याकडे बघत विचारलं, "पयला हात वर करतो तवा दुसरा काय करतो?"

"तोही करतो."

"पयला खाली बसला तर?"

"तोही बसतो. जुळ्यांचं तसंच असतं."

"त्या खोलीत कपाटं किती होती?"

मी डोळे मिटून आठवलं. या वेळी खरंच नीट बघितलं होतं, म्हणून अभिमानानं सांगितलं, "दोन. एकाला एक लागून. दिवेही दोन."

"आन् इनस्पेक्टर?"

माझा आवाज जरा बारीक झाला. "...तेही दोन होते."

मग खाट हलायला लागली. ही हसत होती. तोंडात पदर कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. "आवो, वकिलाच्या टीव्हीत दोन-दोन दिसत्यात!"

"आगं हसू नगंस, हसू नगंस!" सासूबाई तिचे खांदे धरून ओरडायला लागल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुमी जरा भायेर जावा बगू! लेकराचं काय बरंवाईट हुईल तुमच्यापायी!"

मी बाहेर कट्ट्यावर बसलो. आत हसणं थांबेना, आणि मी दर मिनिटाला उठून दाराला कान लावत होतो. थोड्या वेळानं सासरे बाहेर आले, शेजारी बसले. "घाबरू नगा," म्हणाले. "हसून काय हुत न्हाई. ह्या घरात कवाधरनं कोन हसलंच न्हवतं." मग खिशातला कोळसा काढून बघत म्हणाले, "पर पुतण्याच हाय बरं का."

शेवटचा भाग होता त्या शनिवारी वकिलांची खोली पायऱ्यांपर्यंत भरली होती. बातम्या चालू होत्या, मी पुढची जागा धरून बसलो होतो, आणि आत फोन वाजला. कुंडलहून सासऱ्यांचा निरोप होता. दिवस पुरे भरले नव्हते, तरी कळा सुरू झाल्या म्हणून हिला सांगलीला नेलं होतं. मी माणसांच्या मांड्यांवरून उड्या मारत दाराकडे निघालो.

"अहो, अर्धाच तास!" वकील मागून ओरडले. "खुनी कळेल, मग जा!"

तो खुनी मला आजतागायत कळलेला नाही.

सांगलीला पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं. मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढी. तिला लांबच्या खोलीत काचेच्या ऊबदार पेटीत ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच काही सांगत नाही. बघू." हिचं रक्त बरंच गेलं होतं, इथंही तिला उठायची बंदीच होती. चेहरा कागदासारखा झालेला. मालिकेचं तिनं नावसुद्धा काढलं नाही.

"मला दाकवली न्हाई," म्हणाली. "रडली तेवडं ऐकलं. तुमी जावा. बगून या."

मी गेलो. काचेला नाक लावून उभा राहिलो. परत आलो आणि खाटेपाशी उभा राहिलो.

"सांगा की. डोळं उगडल्यात?"

"डावा थोडा. उजवा मिटलेला."

"केस?"

"मागं आहेत, मानेपर्यंत. पुढं कमी. रंग तांबूस."

"हात?"

"मुठी मिटलेल्या. अंगठा आत घेतलाय."

"दोनी हातांचा?"

मी परत गेलो. दोन्ही हातांचा. मग बोटं बघायला गेलो, मग श्वास घेताना पोट कसं हलतं ते बघायला. नर्स वैतागून म्हणाली, "किती वेळा येता हो तुम्ही?" मी म्हणालो, "तिची आई विचारतेय." त्यानंतर तिनं मला अडवलं नाही. पुढचे कित्येक दिवस हेच चाललं. दररोज नवीन काहीतरी नेऊन सांगायचो: आज जांभई दिली, आज कापसानं दूध पाजलं ते ओठांवरून ओघळू दिलं नाही, आज पाय झाडला. ही डोळे मिटून ऐकायची आणि पुन्हा विचारायची, "कुठला पाय?"

शेवटी एके दुपारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः फडक्यात गुंडाळून पोरगी आणली आणि हिच्या कुशीत ठेवली. हिनं फडकं सोडलं. बराच वेळ बघत राहिली, केस, मुठी, बोटं, एकेक करून. मी शेजारी उभा, जणू माझाच पेपर तपासला जात होता.

तिनं बाळाच्या कानामागं बोट नेलं, थांबली, आणि माझ्याकडे वर बघितलं.

"हितं तीळ हाय," म्हणाली. "ह्यो न्हाई सांगितलासा."

मी वाकून बघितलं. होता.